डोरेमॉनचा खरा आवाज : नोबुयो ओयामा

शनिपारापाशी

परवा लेकाला जुन्या जपानी डोरेमॉन कार्टूनचा एक तुकडा दाखवला. वय वर्षे सात, हिंदी डोरेमॉनवर पोसलेला. अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाला, "आई, ह्याचा घसा बसलाय का?"

मला हसू आलं खरं, पण जरा चपापलेच. कारण ज्या बाईचा तो आवाज आहे, तिला लहानपणी वर्गातली मुलं अगदी ह्यावरूनच हसली होती.

नोबुयो ओयामा. जन्म १६ ऑक्टोबर १९३३, तोक्यो. आवाज लहानपणापासून जाड, घोगरा. मोठ्या शाळेत गेल्यावर वर्गात काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मग पोरीने बोलणंच टाकलं. आईच्या ते लक्षात आलं. आईने "हसू देत गं, लक्ष नको देऊस" वगैरे काही म्हटलं नाही. तिचं म्हणणं असं होतं की पाय अधू आहे म्हणून तो जपत बसलं तर आणखी अधू होतो, आवाजाचंही तसंच आहे, तेव्हा आवाज लागेल असंच काहीतरी कर. मुलगी शाळेच्या प्रसारण मंडळात गेली. म्हणजे आपल्याकडे प्रार्थनेनंतर माइकवर बातम्या वाचतात ना, साधारण ते खातं. पुढे हाइयूझा ह्या नाटकमंडळीच्या प्रशिक्षण शाळेतून रीतसर अभिनय शिकली.

१९६० साली एनएचके ह्या जपानी वाहिनीवर लहान मुलांसाठी तीन डुकरांच्या पिल्लांचा बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू झाला, 'बू फू वू'. थोरला कुरकुऱ्या बू म्हणजे ओयामाबाई. आणि धाकटा वू कोण होता माहितीये? तेत्सुको कुरोयानागी! हो, पुस्तकातली आपली तोत्तोचान! ती मोठी झाल्यावरची. मला हे कळलं तेव्हा मी घरात एकटीच "अगं बाई!" म्हणाले होते. कारण कुरोयानागीबाईंचीही सुरुवातीला हीच गत होती. आवाज विचित्र आहे, बोलणं विचित्र आहे, इतरांसारखं बोला, असं त्यांना रेडिओवर सारखं ऐकून घ्यावं लागायचं. "तुमचं आहे तेच चांगलं आहे, बदलू नका" असं त्यांना सांगणारे लेखक तादासु ईझावा, आणि 'बू फू वू' लिहिणारेही तेच. ज्यांच्या आवाजाला नावं ठेवली गेली अशा दोघी एकाच गोठ्यात आल्या त्या अशा.

नंतर बरीच कामं झाली. 'साझाए-सान' ही घरगुती मालिका १९६९ मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे, तिच्यातला खोडकर कात्सुओ पहिल्यांदा बोलला तो ह्यांच्या आवाजात (काही महिनेच). १९७७ च्या 'झॅम्बॉट ३' मध्ये रोबो चालवणारा मुलगा. बहुतेक सगळी पोरंच. आणि मग २ एप्रिल १९७९ ला तोक्योच्या वाहिनीवर डोरेमॉन सुरू झाला, रोज दहा मिनिटं. बाई तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. ते काम त्यांनी २००५ च्या मार्चपर्यंत केलं. सव्वीस वर्षं, सतराशेच्या वर भाग, शिवाय दरवर्षी एक चित्रपट.

मूळ चित्रकथा काढणारे फुजिको एफ. फुजिओ ध्वनिमुद्रणाला आले तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. ऐकून ते बाईंना म्हणाले, "डोरेमॉनचा आवाज असा होता होय!" ज्याने डोरेमॉन जन्माला घातला त्यालाच तो आवाज नव्याने कळला. ह्याहून मोठी पावती मला तरी माहीत नाही.

२९ सप्टेंबर २०२४ ला नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, लेकाच्या घशाच्या निदानामुळे आज मुहूर्त लागला.

खारी_बटर

मस्त लिहिलंयस. तोत्तोचानचं माहीतच नव्हतं, ते वाचून मीही घरात एकटीच ओरडले.

पण शीर्षकातल्या 'खरा' शब्दाला माझा आक्षेप आहे. माझ्यासाठी खरा डोरेमॉन हिंदीच. शाळेतून आलं, दप्तर फेकलं, वरणभाताचं ताट घेऊन हंगामा चॅनेल लावलं. तो आवाज सोनल कौशल ह्यांचा, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तोवर आवाजामागे माणूस असतो हे डोक्यातही आलं नव्हतं.

शनिपारापाशी

मान्य. पण गंमत बघ, आपल्याकडे २००५ च्या सुमारास जे भाग हिंदीत आले ते त्या जुन्या मालिकेचे, म्हणजे ओयामाबाईंच्या. तोंडाची उघडझाप त्यांच्या बोलण्याला जुळलेली होती. नुसता आवाज काढून दुसरा घातला. म्हणजे तू त्यांचा डोरेमॉन वर्षानुवर्षं पाहिलास, ऐकला मात्र नाहीस.

दुपारची_झोप

ह्याच कार्टूनपायी आमच्या घरातली मराठी गेली. नातू "आजोबा, मुझे भूख लगी है" म्हणतो. त्या बाईंबद्दल आदर आहेच, पण हा विषय कुणीतरी काढायला हवा होता म्हणून काढला.

खारी_बटर

काका, तो विषय प्रत्येक धाग्यावर निघतो :) ह्यावर वेगळा धागा काढा, मी सगळ्यात आधी येऊन +१ देईन. मराठीत कुणी नीट आणलाच नाही ही खंत मलाही आहे.

एकमार्गी

माहितीत छोटी भर. ओयामाबाई हा डोरेमॉनचा पहिला आवाज नव्हे. १९७३ मध्ये निप्पोन टीव्हीवर एक मालिका आली होती, जेमतेम सहा महिने चालली. तिच्यात डोरेमॉन आधी कोसेई तोमिता ह्या पुरुष कलाकाराच्या आवाजात होता, आणि मधेच बदलून मासाको नोझावांकडे आला. ह्या नोझावा म्हणजे ड्रॅगन बॉलमधला गोकू! गोकू, त्याचा बाप, त्याची दोन्ही पोरं, सगळं एकाच बाईच्या गळ्यातून. त्या १९३६ च्या, आणि २०२४ च्या नव्या मालिकेतही गोकू त्याच होत्या.

शनिपारापाशी

बरोबर. 'पहिला' मी म्हटलं नव्हतं, 'खरा' म्हटलं होतं, आणि त्यावर वर आधीच मार खाऊन झालाय.

गच्चीवरून

भाबडा प्रश्न: मुलाचा आवाज काढायला बाई कशाला? मुलगाच का घेत नाहीत?

अळूचं_फदफदं

@गच्चीवरून, ह्यावर मी बोलू शकते, मी मुंबईत डबिंग करते (मोठं काही नाही, जाहिराती, कार्टून, जे येईल ते).

मुलगा घेतला की दोन-तीन वर्षांत त्याचा आवाज फुटतो. मालिका चालली तर पंचाईत. शिवाय शाळा, परीक्षा, किती तास काम करून घ्यायचं ह्याचे नियम. जपानमध्ये ह्याची सुरुवात त्याहून मजेशीर आहे. टीव्ही नवा होता तेव्हा परदेशी मालिकांचं जपानी भाषांतर थेट प्रक्षेपणात बोललं जायचं. चूक झाली तर झाली, पुन्हा टेक नाही. त्या वेळी लहान मुलावर कोण भरवसा ठेवणार? मोठा पुरुष मुलासारखा वाटत नाही. मग नाटकातल्या तरुण मुली बोलावल्या. नोझावाबाईंची सुरुवात अशीच झाली, त्यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे.

आणखी एक फरक. आम्ही इथे एकेकटे बोलतो. एक बूथ, एक माइक, कानाला हेडफोन. नोबिता (डोरेमॉन ज्याला सांभाळतो तो मुलगा) सकाळी येऊन गेलेला असतो, डोरेमॉन संध्याकाळी येणार. भांडण असलं तरी समोर कुणी नाही, भिंतीशी भांडायचं. जपानमध्ये रीत उलटी, निदान तेव्हा तरी. अख्खा संच एका खोलीत, समोर पडदा, तीन-चार माइक. आपलं वाक्य आलं की हातात संहिता घेऊन माइकशी जायचं, बोलायचं, दुसऱ्याला जागा करून द्यायला सरकायचं. पान उलटताना आवाज झाला की सगळ्यांचा टेक वाया. पडद्यावर चित्रंही पुष्कळदा अर्धीच झालेली असतात.

आता विचार करा, डोरेमॉनच्या संचातली ती पाच माणसं आठवड्यामागून आठवडे सव्वीस वर्षं अशी एका खोलीत उभी होती. नोबिता रडत "डोराएमोऽऽन" करत येतो तेव्हा त्याचा आवाज देणाऱ्या नोरिको ओहारा खरोखरच शेजारच्या बाईकडे रडत असायच्या. मला ह्या गोष्टीचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

खारी_बटर

"भिंतीशी भांडायचं" :D :D

रेडिओवाला

आज धाग्याचं सार्थक झालं. अळूताई, तुम्ही ह्यावर वेगळं लिहाच.

ओयामाबाईंचं भाषेबद्दलचं एक वाचलं होतं. सुरुवातीला संहितेत धसमुसळी भाषा असायची. बाईंनी विचार केला, हा रोबो माणसाला सांभाळायला बनवलाय, मग तो शिव्या कसा देईल? म्हणून "नमस्कार, मी डोरेमॉन" असा स्वतःहून सभ्य बोलणारा डोरेमॉन त्यांनी घडवला. त्या संचात वाईट शब्द टाळायचे असा प्रघातच पडला. मारकुटा जियानसुद्धा दम देताना जिवे मारण्याची भाषा करत नाही. लहान मुलं हे ऐकून बोलायला शिकतात, असा त्यामागचा हिशोब.

दुपारची_झोप

हे मात्र आवडलं. आमचा नातू हिंदी बोलतो पण सभ्य बोलतो, ते ह्यामुळे असेल.

मोनो_१७

ओयामाबाईंना फक्त डोरेमॉन म्हणून ओळखणाऱ्यांनी एकदा 'डांगानरोनपा' हा गेम खेळून बघा. २०१० चा. मोनोकुमा नावाचं अर्धं पांढरं अर्धं काळं अस्वल शाळेचा मुख्याध्यापक असतं, आणि ते विद्यार्थ्यांना कोंडून ठेवून एकमेकांचा खून करायला लावतं. त्याचा आवाज कुणाचा? ओयामाबाईंचा! तोच घोगरा, तोच लाडिक. जी पोरं हा आवाज ऐकत वरणभात खाऊन मोठी झाली (जपानी वरणभात) त्यांना ऐन कॉलेजात हे ऐकू आलं. तेव्हा बाई पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. माझ्या मते त्यांचं सर्वात मोठं काम हेच. डोरेमॉन गोड बोलला तर त्यात नवल काय?

शनिपारापाशी

सर्वात मोठं नाही म्हणणार, पण सर्वात धाडसी नक्कीच. पंचविसेक वर्षं जपलेल्या आवाजावर स्वतःच शाई ओतायची, आणि तीही हसत हसत.

मोनो_१७

पुढे त्यांना ते जमेना तेव्हा २०१७ च्या गेममध्ये मोनोकुमा ताराकोकडे गेला. ताराको म्हणजे 'चिबी मारुको' ह्या कार्टूनमधल्या मुलीचा आवाज, १९९० पासून. आणि ती २०२४ च्या मार्चमध्ये गेली. जुलैत नोबिता, म्हणजे नोरिको ओहारा. सप्टेंबरात ओयामाबाई. त्या वर्षी जपानी मित्रांच्या चॅटमध्ये नुसत्या हात जोडलेल्या इमोजी पडत होत्या.

एकमार्गी

लोकप्रियतेबद्दल थोडं. आताच्या आवाज-कलाकारांची लोकप्रियता वेगळ्या जातीची आहे. चेहरा, गाण्यांचे अल्बम, स्टेडियममध्ये कार्यक्रम, मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो. त्याची वाट नव्वदच्या दशकात मेगुमी हायाशिबारांनी रुंद केली. नर्सिंगचं शिक्षण घेता घेता आवाजाच्या शाळेत जाणारी मुलगी, मग रानमा, इव्हँजेलियनमधली रेई, पोकेमॉनमधली टीम रॉकेटची जेसी. गाणी खपतात, स्वतःचा रेडिओ कार्यक्रम १९९२ पासून चालू. चाहते तिच्या नावावर मालिका बघायचे. ओयामाबाईंच्या नावावर कुणी डोरेमॉन बघितला नसेल. अख्खा देश आवाज ओळखतो, सहा वर्षांचं पोर नक्कल करतं, पण बाई भाजी घ्यायला गेल्या तर ओळखू येत नाहीत. त्यांनी "हे केवढ्याला?" विचारलं की मात्र दुकान थबकत असेल :)

शनिपारापाशी

ओळखू येत नसत असं नाही रे, त्या टीव्हीवर बऱ्यापैकी दिसायच्या. स्वयंपाकावर पुस्तकं होती त्यांची, दारूबरोबर खायच्या चटकमटक पदार्थांचं पुस्तक तर धो धो खपलं होतं. नवरा केइसुके सागावा, तोही टीव्हीवरचा माणूस.

आणि व्हिडिओ गेमचं राहिलंच! 'आर्कानॉइड' आठवतो? खाली पट्टी, वर विटा, चेंडूने फोडायच्या. तो बाईंचा जीव की प्राण. गेम पार्लरमध्ये असतं तसलं उभं यंत्र घरी आणून ठेवलं होतं आणि गुण दहा लाखांच्या वर नेले होते. डोरेमॉनचं ध्वनिमुद्रण आटपून घरी येऊन विटा फोडणाऱ्या पन्नाशीच्या बाई मला फार आवडतात.

गच्चीवरून

२००५ ला त्यांना काढलं का मग? एवढं चालू असताना?

एकमार्गी

काढलं असं म्हणता येणार नाही. २००१ मध्ये बाईंचं आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. बाकी चौघंही वयाने जवळपास तेवढेच. मालिका नव्याने करायची म्हणून पाचही जणांनी एकदम जागा सोडली. १५ एप्रिल २००५ पासून डोरेमॉन झाल्या वासाबी मिझुता, १९७४ चा जन्म. सुरुवातीला जुन्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली. "हा डोरेमॉन नाही" वगैरे. आज मिझुताबाईंनाही वीस वर्षं उलटून गेली आणि आताच्या पोरांना तोच आवाज खरा वाटतो. शीर्षकातल्या 'खरा'ला तिसरा आक्षेप नोंदवा.

शनिपारापाशी

नोंदवला. शीर्षक बदलता येत नाहीये, नाहीतर बदललं असतं.

पुढचं लिहू की नको करत होते. २०१२ मध्ये बाईंना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. नवऱ्याने तीनेक वर्षं कुणाला सांगितलं नाही, २०१५ मध्ये रेडिओवर सांगितलं. मग तोच आजारी पडला आणि २०१७ मध्ये त्यांच्या आधी गेला. मूलबाळ नव्हतं, झालेली जगली नाहीत. ज्या आवाजाला सगळ्या देशातली पोरं घरचा समजत होती, त्या घरात इतकी शांतता होती, हे वाचलं त्या दिवशी मला काही सुचेना.

ऑफिसच्या कामाने मी तीन महिने योकोहामात होते तेव्हा एका रविवारी कावासाकीच्या फुजिको संग्रहालयात गेले होते. वरच्या कॅफेत डोरेमॉनचा 'आन्की पान', म्हणजे पाठांतराचा पाव मिळतो, टोस्टवर गणिताची आकडेमोड उमटवलेली. मी तो खात बसले होते. शेजारच्या टेबलावर आजोबा आणि नात. नातीने टोस्ट उचलला तसं आजोबांनी घसा खरवडून, शब्द लांबवून पुकारलं, "आन्की पाऽऽन!" ओयामाबाईंची ढब, शंभर टक्के. नात म्हणाली, "आजोबा, असं नाही, असं!" आणि तिने तेच म्हणून दाखवलं, मिझुताबाईंच्या आवाजात. मग दोघं आळीपाळीने म्हणत बसले आणि त्यांचे टोस्ट गार झाले.

रेडिओवाला

हे मूळ धाग्यात का नाही घातलंत!

चकलीचा_तुकडा

एरवी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझा आवाजही असाच आहे, पुरुषी म्हणतात तसा. फोनवर अजून लोक "हां सर, बोला" म्हणतात. सहावीत गॅदरिंगच्या समूहगीतात मला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि बाईंनी हळूच सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. मी तीन कडवी ओठ हलवले. आईला सांगितलं तर आई म्हणाली, जाऊ दे, निदान स्टेजवर तर होतीस. आईचंही काही चुकलं नाही, तिला तेवढंच सुचलं. पण ती पाय अधू असल्याची गोष्ट वाचून मी मोबाइल पालथा ठेवला आणि थोडा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

अळूचं_फदफदं

@चकलीचा_तुकडा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. मनापासून सांगते, आमच्याकडे गोड आवाजाच्या मुली पैशाला पासरी आहेत. असा आवाज शोधून मिळत नाही. एकदा येऊन नुसती चाचणी देऊन जा, चहा माझ्याकडून.

खारी_बटर

जा गं, जाच. आणि काय झालं ते इथे येऊन सांग.

चकलीचा_तुकडा

अजून गेले नाहीये, पुढच्या शनिवारी जाईन म्हणतेय. पण काल भाचीला झोपवताना गोष्ट वाचत होते. नेहमी मी आवाज बारीक करून वाचते, काल केला नाही. दोन पानं झाली तशी ती उठून बसली आणि म्हणाली, मावशी, उद्यापण राक्षस तूच. आईला राक्षस येत नाही.